लक्षणा, ध्वनी आणि मर्ढेकरांचे उंदीर

बा. सी. मर्ढेकरांचा ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ साली प्रसिद्ध झाला. त्यातील पिंपात मरून पडलेल्या उंदरांच्या कवितेने मराठी समीक्षेपुढे अर्थनिर्णयनाचा प्रश्न उभा केला. हे उंदीर कशाचे प्रतीक, असे विचारले जाऊ लागले. यंत्रयुगातील महानगरी माणसाचे, हे उत्तर पुढे परिचयाचे झाले. नवकवितेच्या चर्चेत ‘प्रतिमा’ ही संज्ञा स्थिरावली, तरी वाचनाची रीत मात्र पुष्कळदा रूपकाचीच राहिली: उपमान हाती आहे, दडलेले उपमेय तेवढे हुडकायचे.

या रीतीची तपासणी करण्यास जुने काव्यशास्त्र उपयोगी पडते. अकराव्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेला तीन अटी घातल्या: मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन. ‘गंगेवर गवळीवाडा’ या शास्त्रातील नेहमीच्या उदाहरणात प्रवाहावर वस्ती संभवत नाही, म्हणून गंगा म्हणजे गंगेचा तीर असे घ्यावे लागते; शैत्य आणि पावित्र्य सुचविणे हे त्याचे प्रयोजन. बाध नसेल, तर वाच्यार्थ सोडण्याचा अधिकार वाचकाला नाही.

मर्ढेकरांच्या कवितेत असा बाध कोठे येतो? पिंप, ओल, मेलेले उंदीर यांत अशक्य असे काहीच नाही. उंदरांच्या ठायी ओठांचे मीलन येते, जगण्यामरण्याच्या सक्तीचा उच्चार होतो, तेथे मानवी अर्थ डोकावतो. पण तेवढ्याने उंदीर नाहीसे होत नाहीत. नवव्या शतकातील आनंदवर्धनाच्या परिभाषेत हा ‘विवक्षितान्यपरवाच्य’ ध्वनी ठरेल: वाच्यार्थ अभिप्रेत असतोच, आणि तो स्वतःपलीकडच्या अर्थाकडे नेतो. ज्यात वाच्यार्थ अभिप्रेतच नसतो, तो ‘अविवक्षितवाच्य’ ध्वनी याहून वेगळा.

हा भेद केवळ वर्गीकरणाचा नव्हे. उंदीर हा माणसाचा मुखवटा मानला, की उलगडा होताच मुखवटा फेकून देता येतो, आणि क्षुद्र जिवांच्या मरणाकडे पाहण्याची जी सक्ती कविता आपल्यावर करते तिच्यातून वाचक सहज सुटतो. उंदीर उंदीरच राहिले, तर मानवी दैन्य त्यांच्या शेजारी येऊन उभे राहते. दोहोंत मुख्य कोण आणि गौण कोण, हे ठरविता येत नाही. कवितेची अस्वस्थता नेमकी या अनिर्णयात आहे. तेव्हा प्रतिमेचा अर्थ सांगण्यापूर्वी वाच्यार्थ खरोखरच बाधित झाला आहे काय, हे पाहणे समीक्षकाचे पहिले कर्तव्य ठरते.