जुने पीएफ आणि पेन्शन एकत्र करायचे की काढून घ्यायचे? सल्लागाराचे ऐकण्याआधी

आमच्या धाकट्या भावाने 2015 पासून तीन कारखान्यांत नोकरी केली. पहिल्या ठिकाणी चार वर्षं, दुसरीकडे तीन, तिसरीकडे चार. आता आखातात जायचं ठरतंय. ओळखीतल्या एका सल्लागाराने सांगितलं, "भाई, तिन्ही पीएफ आणि त्यातली पेन्शन काढून टाका, सगळं एकत्र करून आमच्या पेन्शन प्लॅनमध्ये ठेवा. एकच कागद, एकच हिशेब." ऐकायला किती सोपं! घरात सगळ्यांना पटलंही होतं. मग आम्ही पासबुकं काढून बसलो. त्यातून जे कळलं ते बऱ्याच घरांना लागू आहे.

आधी समजून घेऊ की पीएफच्या कपातीत दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात. आपल्या पगारातून 12 टक्के जातात ते भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे ईपीएफमध्ये. मालकाच्या 12 टक्क्यांपैकी 8.33 टक्के पेन्शन योजनेत, म्हणजे ईपीएस 1995 मध्ये जातात आणि उरलेले पीएफमध्ये. पेन्शनचा भाग जास्तीत जास्त 15,000 पगारावर मोजतात, म्हणून तो महिना 1,250 च्या वर जात नाही. पीएफ ही आपली साठलेली रक्कम. पेन्शनचं तसं नाही, तिथे किती वर्षं नोकरी झाली ते मोजतात. सल्लागार दोन्ही एकाच श्वासात "तुमचे पैसे" म्हणतो, तिथेच गोंधळ सुरू होतो.

पेन्शनचं सूत्र असं: सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. दहा वर्षं पूर्ण झाली तर 58 व्या वर्षापासून आयुष्यभर पेन्शन. दहाच्या आत असेल तर रक्कम काढता येते किंवा स्कीम सर्टिफिकेट घेऊन ती वर्षं जपून ठेवता येतात. भावाचे तुकडे चार, तीन, चार. प्रत्येक तुकडा दहाच्या आत, म्हणून "काढता येतात" असं सल्लागार म्हणाला. पण जोडले की अकरा वर्षं होतात, आणि मग हक्काची पेन्शन. मधल्या काळात घरी बसला होता तो काळ मोजला जात नाही, पण आधीची वर्षं वायाही जात नाहीत.

15,000 पगार धरला तर 15,000 गुणिले 11 भागिले 70, म्हणजे महिना सुमारे 2,357 रुपये. ही फार मोठी रक्कम नाही, महागाईबरोबर आपोआप वाढतही नाही, हे कबूल करायला हवं. तुकडे काढून घेतले असते तर योजनेच्या तक्त्याप्रमाणे एकूण 1 लाख 70 हजारांच्या आसपास मिळाले असते. ती रक्कम आठ टक्क्यांनी अठरा वर्षं हात न लावता ठेवली तर चौपट होते. तेव्हा सल्लागाराचं गणित अगदीच खोटं नव्हतं. आमचा प्रश्न दुसरा होता: हात न लावता राहील का? आपल्या घरात बहिणीचा निकाह, घराचं डिपॉझिट, कुणाचं ऑपरेशन, काहीतरी निघतंच. शिवाय दहा वर्षं पूर्ण करून नोकरी सोडलेला सभासद 58 च्या आधी वारला, अल्लाह न करो, तरी बायकोला पेन्शन मिळते. हे प्लॅनच्या माहितीपत्रकाच्या तुलनेत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आता टॅक्सचं. सलग पाच वर्षं नोकरी व्हायच्या आत पीएफ काढला तर त्यावर कर लागतो, आणि रक्कम 50,000 च्या वर असेल तर पॅन असूनही 10 टक्के टीडीएस कापला जाऊ शकतो. भावाचा प्रत्येक तुकडा पाचाच्या आत. तेच खाती आधी ट्रान्सफर करून जोडली तर मागच्या मालकाकडची वर्षंही धरतात. म्हणजे ज्याला पैसे काढायचेच आहेत, त्यानेही आधी जोडावेत आणि मग काढावेत. हा क्रम सल्लागाराने उलटा सांगितला होता.

नोकरी चालू असताना जुन्या खात्यातली सगळी रक्कम "मी बेरोजगार आहे" असं लिहून काढायला सांगणारेही भेटतात. ते खोटं निवेदन आहे, सही आपली असते. नोकरी सुटल्यावर किती थांबायचं याचे नियमही बदलत आहेत. ऑक्टोबर 2025 मध्ये ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने पूर्ण पीएफसाठी 12 महिने आणि पेन्शनच्या रकमेसाठी 36 महिने असा निर्णय घेतला. अर्जाच्या दिवशी काय लागू आहे ते पोर्टलवर बघूनच पुढे जावं.

जोडणं फुकट आहे. यूएएनने लॉगिन करून "वन मेंबर वन ईपीएफ अकाउंट" मध्ये अर्ज करायचा. अडतं ते नावावर. मोहम्मद हे नाव इंग्रजीत चार-पाच तऱ्हांनी लिहितात, कुणी नुसतं एमडी लिहितं. शेखची स्पेलिंगं दोन. निकाहनंतर नाव बदललेल्या बहिणींचं तर विचारूच नका. आधार आणि पीएफ जुळत नसेल तर जॉइंट डिक्लेरेशन भरून आधी दुरुस्ती करा. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकली नसेल तर ती आता सभासदाला स्वतः टाकता येते. ट्रान्सफरनंतर पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसलं तर घाबरू नका. तिथे पैसे सरकत नाहीत, वर्षं सरकतात. ती सर्व्हिस हिस्ट्रीत दिसली पाहिजेत.

व्याजाबद्दल विचारणारे बरेच असतात. सक्तीने कापल्या जाणाऱ्या पीएफबद्दल अनेक उलेमांचं मत स्वतःहून ठेवलेल्या ठेवीपेक्षा वेगळं आहे. आपल्या मुफ्तीसाहेबांना पासबुक दाखवूनच विचारा, आणि नव्या प्लॅनचा कागदही सोबत न्या. "हा हलाल आहे" हे एजंटच्या तोंडून ऐकून भागत नाही.

आम्ही सल्लागाराला तीन गोष्टी लेखी मागितल्या: तुम्ही सेबीकडे नोंदलेले सल्लागार की विमा एजंट, या प्लॅनवर तुम्हाला कमिशन किती, आणि काढून घेतल्यावर भावाची पेन्शनची वर्षं किती उरतील. पहिल्याचं उत्तर "एजंट" असं आलं. बाकी दोन्हींची आम्ही अजून वाट बघतोय. कुणी अशी पॉलिसी आधीच घेतली असेल तर कागद हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते.

भावाची तिन्ही खाती आता जोडली आहेत. स्कीम सर्टिफिकेटसाठी फॉर्म 10 सी भरलाय. पीएफमधल्या पैशांचं काय करायचं, ते तो परत आल्यावर स्वतः ठरवणार आहे.