काळ्या रानातली भाकरी

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात जोंधळा पेरतात तो पाऊस सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात. पुढे आभाळाकडून त्याला फारसं काही मिळत नाही. जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर तो पुरुषभर वाढतो, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मुळासकट उपटून काढला जातो. बहामनी काळात दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारं रयतेला खुली केली, ती कथा याच गावची. त्या कोठारांत दुसरं काय असणार, असं आम्ही लहानपणापासून धरूनच चाललो.

माझं माहेर त्याच पट्ट्यातलं. आमच्या वाड्यासमोर पेव होतं. जमिनीत खणलेल्या त्या खोल खड्ड्यात आतून कडब्याचा थर लावून जोंधळा भरायचे आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे. पेव उघडलं की आजोबा कुणाला लगेच उतरू द्यायचे नाहीत. दिवसभर ते तसंच उघडं ठेवायचं, मग दोरीने कंदील खाली सोडायचा. तो विझला नाही तरच माणूस आत. कोंडलेल्या हवेने जीव गेल्याच्या गोष्टी गावोगाव होत्या. घरच्या जेवणाचा इतिहास लिहिताना लोक चुलीपासून सुरुवात करतात. मला वाटतं, ती या पेवापासून करावी.

ताटात रोज भाकरी, तुरीच्या डाळीचं नाहीतर पालेभाजीचं कोरड्यास, शेंगदाण्याची चटणी, कांदा. कधी हुलग्याचं माडगं, कधी ताकातल्या कण्या. त्यासाठी आई पहाटे जात्यावर बसायची. गिरणी आली तेव्हा तिचे हात सुटले, पण दळण तिने कधी आठवड्यापलीकडचं आणलं नाही. जोंधळ्याच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. पीठ जुनं झालं की विरी जाते आणि भाकरी थापताना कडेने चिरते. मग आधणाचं पाणी घालून कितीही मळा. आई काठवटीत तळहाताच्या उंचवट्याने पीठ रगडायची, गोळा बोटाला लोण्यासारखा लागेपर्यंत. भाकरी तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायची, पाणी सुकत आलं की उलटायची आणि शेवटी आराला लावायची. पापुद्रा सुटला नाही तर ती भाकरी ती स्वतःच्या ताटात घ्यायची.

या जेवणाला पहिला मोठा धक्का १९७२च्या दुष्काळाने दिला. पेवं रिकामी झाली. सरकारी कामांवर १९७३च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळपास ५० लाख माणसं खडी फोडत, माती वाहत होती. तिथे सुकडी मिळायची आणि रेशनवर अमेरिकेहून आलेला मिलो. तांबूस, जाड सालीचा, तिकडे जनावरांना घालतात तो दाणा. त्याची भाकरी काठवटीतून उचलतानाच तुटायची. आई ती हातावर न घेता तव्यावरच थापायची आणि मोडली तर तुकडे ताकात कुस्करून आम्हाला द्यायची. त्या मिलोने माणसं जगवली, हे मी कधी विसरणार नाही. पण ज्या बायकांनी त्या पिठातून दोन वेळचं जेवण उभं केलं, त्यांचं श्रेय कुठल्याच अहवालात आलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याआधी १९६४ मध्ये सीएसएच-१ हा संकरित जोंधळा आला होता. उतारा भरपूर, म्हणून खरिपात तो झपाट्याने पसरला. पण काढणीच्या वेळी पाऊस लागला की दाणा काळा पडायचा, भाकरीला चव नसायची, आणि ताट बुटकं. बैलांना काय घालायचं? आमच्याकडे माणसांनी तो नाकारला तसा जनावरांसाठीही नाकारला. घरात पसंती मालदांडीलाच राहिली. मोहोळच्या केंद्रावर १९३०च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेला ‘एम ३५-१’ हा वाण आजही पेरला जातो. पांढरा, टपोरा, मोत्यासारखा दाणा, आणि उंच, गोड कडबा.

दुसरा धक्का मात्र सुबत्तेचा होता. १९८० मध्ये उजनी धरण पुरं झालं, कालव्याला पाणी आलं आणि रानोरान ऊस उभा राहिला. रेशनचा गहू आधीच घरात शिरला होता. पाहुण्यांसाठी असलेली चपाती रोजची झाली आणि भाकरी गरिबाची ठरली. लग्नात मुलीला भाकरी येते हे सांगायला लोक लाजू लागले. हे सारं पंचवीस-तीस वर्षांत घडलं.

आता वारं पुन्हा फिरलंय. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मधुमेहाचे डॉक्टर भाकरी सांगतात, सोलापूरची कडक भाकरी पुडक्यांतून दूरदूर जाते. मला आनंद आहे, पण शेतातलं गणित वेगळं आहे. जोंधळा उपटायला माणूस मिळत नाही. कंबर मोडणारं काम आहे ते, आणि ऊस कारखाना तोडून नेतो. माझा भाऊ दरवर्षी चार एकर जोंधळा करतो तो दाण्याच्या भावावर नाही, कडब्याच्या. दुभत्या जनावरांचे गोठे कडब्याला चांगला पैसा देतात, म्हणून पेरा परवडतो. गोठ्यांनी मुरघासावरच भागवायचं ठरवलं, तर आमच्या काठवटीत येणारा दाणाही महागेल.