गाडी का ‘लागते’? अकरा कर्णबधिरांनी दिलेली साक्ष

१/
घाटाची वळणे सुरू झाली, की एस.टी.तील एखादा प्रवासी निमूटपणे खिडकीशी सरकतो. त्याला ‘गाडी लागली’, असे मराठीत म्हणतात. कोकण किनाऱ्यावर आगबोटी धावत, तेव्हा लोकांना ‘बोट लागत’ असे. दोष वाहनाचा, पोटाचा, की मनाच्या दुबळेपणाचा? उत्तर हाती यायला शतके लागली.

२/
व्याधी फार जुनी आहे. मळमळीसाठीचा प्राचीन ग्रीक शब्द ‘नाउसिया’ हा ‘नाउस’ म्हणजे जहाज या शब्दापासून घडला. इंग्रजीतील ‘नॉशिया’ हा त्याचाच वंशज.

३/
ही भित्र्यांची व्याधी म्हणावी, तर १८०५ मध्ये ट्रफाल्गरची लढाई जिंकून देणाऱ्या ॲडमिरल नेल्सनलाही समुद्र लागत असे. २७ डिसेंबर १८३१ रोजी ‘बीगल’ जहाजावरून निघालेला चार्ल्स डार्विन तर इतका बेजार झाला, की त्याच्या पोटात मनुक्यांखेरीज फारसे काही ठरेना.

४/
महत्त्वाचा धागा सापडला १८८२ मध्ये. अमेरिकी विचारवंत विल्यम जेम्स यांनी ५१९ कर्णबधिरांची माहिती जमवली. गरगर फिरवल्यावर त्यांतील १८६ जणांना मुळीच भोवळ येत नव्हती. ऐकू येणाऱ्यांत असा मनुष्य विरळाच. मग कानाचा आणि भोवळीचा संबंध काय?

५/
अंतर्कर्णात ऐकण्याच्या इंद्रियाला लागूनच तोल सांभाळणारे इंद्रिय असते. त्यातील तीन अर्धवर्तुळाकार नलिकांतला द्रव डोके वळताच हलतो आणि मेंदूला गती कळते. काही आजारांत श्रवण आणि तोल ही दोन्ही इंद्रिये एकदमच निकामी होतात. समुद्र लागण्याचे मूळही येथेच असावे, असा जेम्स यांचा कयास होता.

६/
१९५० च्या दशकाच्या अखेरीस तो कयास कसोटीला लागला. मानवाला अंतराळात पाठवायचे, तर तेथे त्याच्या तोलाचे काय होईल? अमेरिकी नौदलाचे वैद्यक संशोधक ॲश्टन ग्रेबिएल यांनी वॉशिंग्टनच्या गॅलोडेट महाविद्यालयातून ११ कर्णबधिर पुरुष निवडले. त्यांतील १० जणांचे श्रवण बालपणी मेनिंजायटिसने गेले होते, आणि त्यासोबत अंतर्कर्णाची तोल जाणण्याची शक्तीही.

७/
सतत फिरणाऱ्या खोलीत त्यांतील चौघे सलग १२ दिवस राहिले. पुढे नोव्हा स्कोशियाजवळच्या खवळलेल्या समुद्रात त्यांच्या एका गटाला जहाजावरून नेण्यात आले. कर्णबधिर मंडळी पत्ते खेळत बसली. आडवे झाले ते संशोधक! अखेर प्रयोगच आवरता घ्यावा लागला.

८/
अंतराळातील शंकाही खरी ठरली. ऑगस्ट १९६१ मध्ये दिवसभराहून अधिक काळ पृथ्वीप्रदक्षिणा करणारा सोव्हिएत अंतराळवीर गेर्मान तितोव तेथे मळमळीने हैराण झाला. अंतराळात हा त्रास झाल्याची ही पहिली नोंद.

९/
आज सर्वाधिक मान्य असलेला सिद्धान्त असा : डोळे एक सांगतात, कान दुसरेच, आणि या विसंवादाने मेंदू गोंधळतो. धावत्या गाडीत वाचताना डोळ्यांपुढचे पान स्थिर असते, कानाला मात्र प्रत्येक वळण जाणवते. चालकाला गाडी सहसा लागत नाही, कारण पुढचे वळण त्याला आधीच ठाऊक असते.

१०/
उपायही त्यातूनच निघतात. पुढच्या आसनावर बसावे, दूरच्या क्षितिजाकडे पाहावे, डोके स्थिर टेकवावे, पुस्तक आणि मोबाइल मिटून ठेवावेत. गोळी घ्यायची, तर वैद्यकीय सल्ल्याने आणि निघण्यापूर्वी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग कमी.

११/
समाज ज्याला केवळ उणीव म्हणत होता, तेच या अकरा जणांचे सामर्थ्य ठरले. अंतराळात त्यांच्यापैकी कोणीही गेले नाही. तेथे जाणाऱ्यांची वाट मात्र त्यांनी आधी सोसून पाहिली. गाडी लागणे हा दुबळेपणा नव्हे. उलट, तोल सांभाळणारा कान शाबूत असल्याची ती खूण आहे.