मार्कोव्ह शृंखला व मोक्षपट

मार्कोव्ह शृंखला : ज्या यदृच्छ प्रक्रमात पुढील अवस्थेची संभाव्यता केवळ वर्तमान अवस्थेवर अवलंबून असते, पूर्वेतिहासावर नसते, तो प्रक्रम. रशियन गणिती आंद्रेय मार्कोव्ह (१८५६–१९२२) यांनी १९०६ मध्ये या विचाराचा पाया घातला. सापशिडी आणि परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावे सांगितला जाणारा मोक्षपट हे पटखेळ मार्कोव्ह शृंखलेची उत्कृष्ट उदाहरणे होत. कारण सोंगटी एखाद्या घरात शिडीने चढून आली की सापाने उतरून, याची नोंद पटाच्या दफ्तरी राहतच नाही. चालीसाठी फाशाऐवजी सहा कवड्या टाकल्यास त्या ६४ प्रकारे पडू शकतात. उताणी व पालथी समसंभाव्य मानल्यास तीन उताण्या पडण्याचे प्रकार २०, सहाही उताण्या पडण्याचा प्रकार एकच. म्हणून फाशाची सहाही दाने सारख्या संभाव्यतेची असताना कवड्यांचा कल मधल्या दानांकडे राहतो आणि पट तोच असूनही शृंखला निराळी होते. अखेरचे घर ही शोषक अवस्था : तेथे दाखल झालेली सोंगटी परतत नाही. शृंखलेचे आणखी एक उदाहरण : अमर्याद पट्टीवर नाण्याच्या कौलाने एकेक घर पुढे वा मागे सरकल्यास यदृच्छ भ्रमण घडते. १०० कौलांनंतर आरंभापासूनच्या अंतराच्या वर्गाची सरासरी १०० असते. सारीपाटात मात्र कोणती सोंगटी चालवावी हे खेळाडू ठरवतो, म्हणून केवळ दानांच्या संभाव्यतेने त्याचा हिशेब पुरा होत नाही.