पर्जन्यजल संकलन, घरगुती (पेण–रोहा)

घराच्या छपरावर पडणारे पावसाचे पाणी टाकीत साठवणे किंवा जमिनीत मुरवणे. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा तालुक्यांत वर्षाला सुमारे 3000 मि.मी. पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या काळात. 100 चौ.मी. छपरावर तेवढा पाऊस झाला, तर पाचवा हिस्सा वाया गेला असे धरूनही 2 लाख 40 हजार लिटर पाणी मिळते. तरीही पेणच्या खाडीलगतच्या खारेपाटात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचे हाल होतात.

नियम : राज्याची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली (2020) पेण व रोहा या दोन्ही नगरपरिषदांना व आसपासच्या प्रादेशिक योजना क्षेत्राला लागू आहे, रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीचे नियोजन मात्र एमआयडीसीकडे आहे. 500 चौ.मी. वा त्याहून मोठ्या भूखंडावर नवे, वाढीव किंवा पुन्हा बांधकाम करताना पाणी संकलनाची सोय बंधनकारक आहे. विहीर, बोअरवेल, साठवण टाकी, शोषखड्डा यांतून निवड करता येते. 100 चौ.मी. छपराला 100 मि.मी. व्यासाचे किमान दोन पाइप हवेत, तोंडांना डासरोधक जाळी हवी आणि आपल्या किंवा शेजाऱ्याच्या भिंतीत, पायात ओल येता कामा नये. सोय न केल्यास किंवा ती नादुरुस्त ठेवल्यास दर 100 चौ.मी. बांधकामामागे वर्षाला 1000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

गावठाणातली बहुतेक घरे 500 चौ.मी.च्या आतली, म्हणजे गरज सर्वांत मोठी तिथेच सक्ती नाही. घर बांधणाऱ्याने ही सोय स्वतःहून करावी. पर्यायाची निवडही जागा पाहून करावी लागते. खारेपाटात खाडीलगतचे भूजल मचूळ असते. तिथे शोषखड्ड्यात सोडलेले गोडे पाणी खाऱ्यात मिसळून हातचे जाते. अशा ठिकाणी बंद, पक्की टाकीच बांधावी. रोह्याच्या डोंगरपायथ्याच्या गावांत विहिरीचे पुनर्भरण करून पाहण्यासारखे आहे.

हे पाणी शक्यतो पिण्या-रांधण्याखेरीज इतर कामांसाठी वापरावे, असे नियमावली सांगते. अपवादाने प्यायचेच झाले, तर योग्य गाळणी आणि पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडणारी वेगळी वाट आवश्यक आहे. त्यासाठी उभ्या पाइपाला टाकीच्या फाट्याखाली आणखी हातभर पाइप जोडून टोकाला फिरकीचे झाकण लावतात. मृगाच्या सरींबरोबर कौलांवरची धूळ, शेवाळ आणि पक्ष्यांची विष्ठा उतरते. ती निघून पाणी नितळ येईपर्यंत हे झाकण उघडे ठेवावे.