सँडोचे डंबेल्स आणि औंधचे नमस्कार

लातूरला शिकवण्यांसाठी खोली घेऊन राहणाऱ्या मुलांना व्यायामाबद्दल विचारले, की उत्तर ठरलेले: "सर, जिमला पैसे नाहीत." याच जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, हे त्यांना सांगून उपयोग नसतो. तालीम, लाल माती, खुराक हे पैलवानांचे जग. दहा बाय दहाच्या खोलीत काय करायचे?

घरच्या घरी शरीर कमावण्याचा नाद शंभर वर्षांपूर्वी औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींना लागला होता. त्यांना पैशांची अडचण नव्हती. त्या काळी युजीन सँडो हा जर्मन बलोपासक लंडनमध्ये गाजत होता. पीळदार देहाचे प्रयोग करायचे आणि पुस्तके, डंबेल्स विकायचे, हा त्याचा व्यवसाय. (१९०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानातही येऊन गेला.) पंतांनी १८९७ साली त्याची सगळी उपकरणे आणि पुस्तके मागवली व सुमारे दहा वर्षे नेमाने तो व्यायाम केला. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सल्ल्याने ते सूर्यनमस्कारांकडे वळले. १९०९ मध्ये गादीवर आल्यावर त्यांनी संस्थानातल्या शाळांत नमस्कार सुरू केले. १९३८ साली त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघाले. म्हणजे सँडोच्या गावात उलटी निर्यात!

उपकरणे सोडूनही व्यायाम कसा झाला? स्नायूला लोखंड आणि स्वतःचा देह यांतला फरक कळत नाही. त्याला कळतो तो ताण. सवयीपेक्षा जास्त ताण पडला, मग विश्रांती आणि प्रथिने मिळाली, की स्नायूचे तंतू जाड होतात. प्रथिनांसाठी डबा विकत घ्यायला नको. लातूर तर तुरीची मोठी पेठ. वरण घट्ट हवे, एवढेच. नमस्कारात शरीर जमिनीकडे नेताना आणि उचलताना दंड, खांदे, छाती यांवर असा ताण येतो.

पण माझ्या मते शाळांत एक गफलत होते. आपण फक्त संख्या वाढवतो. बारा नमस्कार सहज जमू लागल्यावर शंभर घातले, तर दम वाढतो, स्नायू फारसा नाही. शिवाय नमस्कारात ढकलणे आहे, ओढणे नाही. ती उणीव बाळंभटदादा देवधरांनी पेशवाईच्या अखेरीस रुळवलेल्या मल्लखांबात भरून निघते. खोलीत मल्लखांब कुठला? पुस्तकांनी भरलेले दप्तर कमरेत वाकून, पाठ सरळ ठेवून पोटाकडे ओढले तरी पाठीला काम मिळते. पुढच्या आठवड्यात दोन पुस्तके जास्त.

वर्गात हे मोजता येते. मुलाचे वजन घ्या. मग दोन्ही तळवे वजनकाट्यावर ठेवून त्याला दंडाच्या पवित्र्यात उभे करा. पाय जमिनीवर, काट्याच्याच उंचीच्या विटांवर. काटा साधारण दोनतृतीयांश वजन दाखवेल. ४५ किलोच्या मुलाला सुमारे ३० किलो. गुडघे टेकले, की आकडा निम्म्याच्या आसपास उतरतो. पाय खाटेवर ठेवले, की पुन्हा चढतो. टक्केवारी मुलांनाच काढू द्या.