आंडरमाट : परिसरातील ऐतिहासिक व प्रेक्षणीय स्थळे

आंडरमाट : स्वित्झर्लंडच्या ऊरी कँटनमधील एक गाव व गिरिस्थान. लोकसंख्या सु. १,५००. समुद्रसपाटीपासून सु. १,४४० मी. उंचीवर, उर्सेरेन खोऱ्यात रॉईस नदीच्या काठी ते वसले आहे. दक्षिणेस गॉटहार्ड (२,१०६ मी.), पश्चिमेस फुर्का (२,४२९ मी.) व पूर्वेस ओबरआल्प (२,०४४ मी.) या तीन खिंडींचे रस्ते येथे एकत्र येतात. उत्तरेकडे मात्र खिंड नाही. तेथे शोलेनेन ही अरुंद घळ आहे आणि रॉईस नदी तिच्यातून गोशेनेनकडे कोसळत जाते. या घळीतून वाट निघेपर्यंत खोऱ्याचा संबंध उत्तरेपेक्षा पूर्वेकडील डिझेंटिस मठाशी अधिक होता. वाट निघाली, आणि जर्मनी व लोंबार्डी यांच्यामधील सर्वांत सरळ मार्गावर आंडरमाट आले. परिसरातील बहुतेक प्रेक्षणीय स्थळे या एका वाटेच्या दुरुस्त्यांतून उरलेली आहेत. ती त्याच क्रमाने पाहिल्यास अधिक कळतात.

शोलेनेन घळ : गावाच्या उत्तरेस, चालत अर्ध्या तासाच्या आत. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे उभे कडे आहेत. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, बहुधा १२२० ते १२३० च्या दरम्यान, येथून प्रथम वाट काढण्यात आली. त्यासाठी दोन अडथळे ओलांडावे लागले. वरच्या बाजूस कडा थेट नदीत उतरतो. तेथे कड्याला लागून फळ्यांची वाट बांधली. तिला ट्वेरेनब्र्यूके म्हणत. ती साखळदंडांनी कड्याला टांगलेली होती, असे जुन्या प्रवासवर्णनांतून येते. ती खडकात रोवलेल्या आडव्या तुळयांवर टेकलेली असावी, असे अलीकडील अभ्यासकांचे मत आहे. तिच्या खाली, धबधब्याजवळ, लाकडी पूल होता. त्याच्यावर सतत पाण्याचे तुषार उडत. हे काम कोणी केले याची नोंद नाही. वालीस प्रांतातून येऊन येथे वसलेल्या वाल्झर लोकांना कड्यावरून पाण्याचे पाट नेण्याचे कसब होते. त्यामुळे श्रेय त्यांना देण्याची प्रथा आहे. तर्क सयुक्तिक आहे, पुरावा नाही.

सैतानी पूल : लाकडी पुलाच्या जागी १५९५ मध्ये एका कमानीचा दगडी पूल झाला. खेचरांचे तांडे जातील एवढीच त्याची रुंदी होती. कडेला कठडा असा जवळजवळ नव्हताच. अठराव्या शतकाच्या अखेरीस चित्रकारांनी व प्रवाशांनी ज्याचा बोलबाला केला तो हाच पूल. कास्पार व्होल्फने तो रंगवला. इंग्रज चित्रकार टर्नर १८०२ च्या स्वित्झर्लंड दौऱ्यात येथे येऊन गेला आणि त्याने या घळीची व पुलाची अनेक चित्रे काढली. चित्रांत घळ आहे त्यापेक्षा खोल दिसते.

गॉटहार्डवरून घोडागाड्या नेण्याचे ठरल्यावर हा पूल अपुरा पडू लागला. ऊरीचा अभियंता कार्ल एमान्युएल म्यूलर याने त्याच्या वरच्या अंगाला नवा, उंच आणि रुंद ग्रॅनाइटचा पूल बांधला. तो १८३० मध्ये पूर्ण झाला. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ दोन्ही पूल एकावर एक असे उभे होते. त्या काळच्या छायाचित्रांत नव्याच्या कमानीखाली जुन्याची कमान दिसते. जुना पूल १८८८ च्या पुरात कोसळला. त्याच्या बाजूचे दगडी पाये खडकाला चिकटून राहिले आहेत. १८३० च्या पुलाच्या कठड्यावरून खाली वाकून पाहिल्यास ते ओळखू येतात. तिसरा, मोटारींचा पूल १९५८ मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि म्यूलरचा पूल पादचाऱ्यांकडे राहिला. आगगाडीचा पूल यांहून वेगळा असून तो १९१७ चा आहे. आजचे प्रवासी बहुधा मोटारपुलाचेच छायाचित्र घेऊन जातात. अभियांत्रिकीच्या इतिहासात मोल आहे ते म्यूलरच्या पुलाला.

नावाची दंतकथा युरोपातील अनेक पुलांबाबत सांगतात तीच आहे. पूल काही केल्या टिकेना, तेव्हा ऊरीकरांनी सैतानाशी करार केला की पुलावरून पहिला जाईल त्याचा जीव सैतानाचा. पूल झाल्यावर त्यांनी एक बोकड पुढे हाकलला. चिडलेला सैतान पूल फोडण्यासाठी भलामोठा धोंडा घेऊन निघाला. वाटेत भेटलेल्या एका म्हातारीने धोंड्यावर क्रूसाची खूण केली, त्यामुळे तो त्याला उचलता येईना. हा धोंडा म्हणून गोशेनेनजवळ सु. २२० टन वजनाचा खडक दाखवतात. मोटारमार्गाच्या कामात तो आड येत होता. तो सुरुंगाने फोडावा अशी सूचना होती, पण लोकांनी विरोध केला. अखेर १९७७ मध्ये तो अखंड उचलून १२७ मी. सरकवण्यात आला. पुलाजवळच्या कड्यावर हाइनरिख दानिओट या ऊरीच्या चित्रकाराने १९५० मध्ये लाल सैतान व बोकड रंगवले आहेत.

ऊर्नरलोख : पुलाच्या वर, गावाच्या बाजूस असलेला बोगदा. फळ्यांची वाट पुरात वारंवार मोडू लागली, म्हणून १७०७-०८ मध्ये टिचीनोतील पिएत्रो मोरेत्तिनी याने सुरुंगाच्या दारूने खडक फोडून ६४ मी. लांबीचा बोगदा खोदला. मोरेत्तिनी तटबंदी बांधणारा होता. वेढ्यात वापरले जाणारे तंत्र त्याने रस्त्यासाठी वापरले. आल्प्समधील पहिला रस्ताबोगदा असा याचा उल्लेख सर्रास होतो. फ्रान्स-इटली सीमेवर मोन्ते व्हीझोखाली पंधराव्या शतकात खेचरांसाठी खोदलेला बोगदा आहे, हे लक्षात घेता विधान जपून करावे. मूळ बोगदा एका लादलेल्या घोड्यापुरता होता. १८३० च्या रस्त्याबरोबर आणि त्यानंतरही तो रुंद होत गेला. त्यामुळे आज मोटारीतून जाताना तो कधी संपला हे कळतही नाही.

सुव्होरॉव्ह स्मारक : फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या युद्धांत रशियन सेनापती सुव्होरॉव्ह सु. २१,००० सैन्यानिशी इटलीतून निघाला. २४ सप्टेंबर १७९९ रोजी त्याने गॉटहार्ड ओलांडला. दुसऱ्या दिवशी ऊर्नरलोख व सैतानी पुलापाशी फ्रेंचांशी त्याची चकमक झाली. फ्रेंचांनी पुलाचा काही भाग पाडला होता आणि रशियनांनी अधिकाऱ्यांच्या कमरपट्ट्यांनी तुळया बांधून तो ओलांडला, असे रशियन परंपरा सांगते. चकमकीचे स्वरूप व हानी यांविषयी दोन्ही बाजूंच्या हकिकती जुळत नाहीत. सुव्होरॉव्ह पुढे झ्युरिकजवळच्या मित्रसैन्याला गाठू शकला नाही. त्याला बर्फातून आणखी खिंडी ओलांडून माघार घ्यावी लागली.

पुलासमोरच्या कड्यात १२ मी. उंचीचा क्रूस कोरलेला असून त्याखाली रशियन भाषेतील लेख आहे. स्मारकाचे उद्‌घाटन १८९८ मध्ये झाले. ही जमीन उर्सेरेन खोऱ्याच्या सामाईक मंडळाने १८९३ मध्ये रशियाला दिली. त्यामुळे ‘आल्प्समधील रशियन भूमी’ असे वर्णन वाचावयास मिळते. मालकी रशियाकडे आहे, सार्वभौमत्व स्वित्झर्लंडचेच. सप्टेंबर २००९ मध्ये रशियाचे तत्कालीन अध्यक्ष मेदव्हेदेव्ह यांनी येथे भेट दिली. सुव्होरॉव्ह ज्या घरात उतरला होता ते गावात असून त्यात खोऱ्याचे वस्तुसंग्रहालय आहे.

गाव व चर्चवास्तू : सेंट कोलुंबान हे खोऱ्यातील सर्वांत जुने चर्च, रोमनेस्क घाटाचे. सेंट पीटर व पॉल चर्च सतराव्या शतकातील. गावावर मारियाहिल्फ ही छोटी प्रार्थनावास्तू आहे.

गुर्शेन रान : गावाच्या माथ्यावर, उतारावर दिसणारा त्रिकोणी वृक्षपट्टा. हिमलोट अडवणारे हे खोऱ्यातील जवळजवळ एकमेव जुने रान असल्याने १३९७ च्या आज्ञापत्राने येथे लाकूड तोडणे किंवा बाहेर नेणे निषिद्ध ठरवले. वनसंरक्षणाचा हा आल्प्समधील फार जुना लेखी नियम आहे. एवढे करूनही जानेवारी १९५१ मधील हिमलोटांत गावात जीवितहानी झाली. त्यानंतर वरच्या उतारांवर लोखंडी व दगडी अडसरांच्या रांगा वाढवण्यात आल्या.

लोहमार्ग : गॉटहार्डचा १५ किमी. लांबीचा रेल्वेबोगदा (१८७२–८२) आंडरमाटच्या बरोबर खालून, सु. ३०० मी. खोलीवरून जातो. त्याची तोंडे गोशेनेन व ऐरोलो येथे आहेत. ठेकेदार लुई फाव्हर काम पुरे होण्यापूर्वी, १८७९ मध्ये, बोगद्यातच मरण पावला. कामावर दगावलेल्या मजुरांची अधिकृत संख्या दोनशेच्या आत आहे. बोगद्यातील रोगराईने नंतर मेलेले त्यांत धरलेले नाहीत. १८७५ मध्ये गोशेनेन येथे संपकरी मजुरांवर गोळीबार होऊन चौघे ठार झाले. बोगदा सुरू होताच गावातून जाणाऱ्या टपालगाड्या बंद पडल्या. रूडोल्फ कोलरचे गॉटहार्ड टपालगाडीचे प्रसिद्ध चित्र १८७३ चे, म्हणजे बोगद्याचे काम चालू असतानाचे आहे.

गावाला स्वतःची आगगाडी १९१७ मध्ये मिळाली. गोशेनेनपासून ३.७ किमी. लांबीचा हा मार्ग दातेरी रुळाचा असून त्याचा चढ जवळजवळ १८ टक्के आहे. ब्रीग–आंडरमाट–डिझेंटिस मार्ग १९२६ मध्ये पुरा झाला आणि १९३० पासून त्सेरमाट–सांक्ट मोरिट्स ही ग्लेशियर एक्सप्रेस येथून धावू लागली. १९८२ मध्ये फुर्काचा तळबोगदा झाल्यावर खिंडीवरचा जुना लोहमार्ग टाकून दिला गेला. हौशी स्वयंसेवकांनी तो रिआल्पपासून टप्प्याटप्प्याने पुन्हा उभा केला. येथूनच पूर्वी व्हिएतनामला विकलेली जुनी इंजिने त्यांनी परत आणली. २०१० पासून ओबरवाल्डपर्यंत उन्हाळ्यात वाफेची गाडी चालते. या मार्गावरील श्टेफेनबाख येथील लोखंडी पूल मुद्दाम पाहावा. तेथे हिमलोट दरवर्षी येतो आणि पक्का पूल टिकत नाही. म्हणून १९२५ मध्ये घडीचा पूल बसवला. शरद ऋतूत कामगार हातयंत्राने मधला भाग खाली सोडतात आणि दोन्ही टोके काठांकडे मागे ओढून घेतात. लोट मोकळ्या नाल्यातून निघून जातो. वसंतात बर्फ उपसून पूल पुन्हा जोडतात. लोटाला वाट करून देण्याचा हा उपाय त्याच्याशी झुंजण्यापेक्षा स्वस्त पडला.

होस्पेंटाल : गॉटहार्ड व फुर्का रस्त्यांच्या फाट्यावरील खेडे. तेराव्या शतकातील चौकोनी बुरूज व सेंट कार्ल प्रार्थनावास्तू. वास्तूवरील लेखात वाटसरूला कोठे निघालास म्हणून विचारले आहे.

गॉटहार्ड खिंड : माथ्यावर लहान सरोवरे, जुने धर्मशाळावजा विश्रामगृह व त्याची प्रार्थनावास्तू. मिलानच्या आर्चबिशपने १२३० मध्ये ती हिल्डेसहाइमच्या संत गोडेहार्डला अर्पण केली. जुन्या मालतळात १९८६ पासून राष्ट्रीय गॉटहार्ड संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धकाळातील भूमिगत किल्ल्यात २०१२ पासून सासो सान गोत्तार्दो हे प्रदर्शन आहे. दक्षिण उतारावर दगडी फरसबंदीची ट्रेमोला वाट २४ वळणे घेत ऐरोलोकडे उतरते. जर्मन कवी गटे खिंडीत १७७५, १७७९ व १७९७ असा तीनदा आला होता. १७७९ मध्ये तो नोव्हेंबरच्या बर्फात फुर्का ओलांडून रिआल्पमार्गे आला.

ओबरआल्प खिंड : सरोवर व त्यापुढे पायवाटेने टोमासे हे दुसरे सरोवर (सु. २,३४५ मी.), ऱ्हाइन नदीच्या उगमांपैकी एक. खिंडीत लाल दीपगृह आहे. ते ऱ्हाइनच्या मुखावरील दीपगृहाची प्रतिकृती असून समुद्रापासून इतक्या दूर ते का, हे तेथे गेल्यावर विचारावेसे वाटते. ऱ्हाइन, रॉईस, ऱ्होन व टिचीनो या चार नद्यांचे उगम जोडणारी ८५ किमी. लांबीची पायवाट येथूनच सुरू होते.

गेमसश्टोक : २,९६१ मी. उंचीचे शिखर, तारमार्गाने जाता येते. स्कीइंगसाठी प्रसिद्ध. येथील हिमनदीचा काही भाग २००५ पासून उन्हाळ्यात पांढऱ्या कापडाने झाकतात.

न झालेले धरण : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऊर्नरलोखपाशी बंधारा घालून संपूर्ण उर्सेरेन खोरे, म्हणजे आंडरमाट, होस्पेंटाल व रिआल्प ही तिन्ही गावे, जलाशयाखाली घालण्याची योजना होती. गावकरी नकारावर ठाम होते. १९ फेब्रुवारी १९४६ रोजी आंडरमाटमध्ये जमावाने योजनेच्या अभियंत्याला मारहाण करून खोऱ्याबाहेर घालवून दिले. योजना गुंडाळली गेली. तिच्याऐवजी शेजारच्या गोशेनेराल्प येथे १५५ मी. उंचीचे भरावाचे धरण झाले. त्याच्या जलाशयाखाली तेथील लहान वस्ती गेली. आज प्रेक्षणीय म्हणून दाखवला जाणारा गोशेनेराल्प तलाव तो हाच. वरीलपैकी उर्सेरेन खोऱ्यातील वास्तू शिल्लक आहेत त्या या नकारामुळे. प्रवासी पुस्तिकांत मात्र याचा उल्लेख क्वचितच आढळतो.

अलीकडील काळ : १८८५ नंतर येथे तटबंदी व लष्करी छावणी आली आणि शतकभर गावाचा चरितार्थ बराचसा तिच्यावर चालला. शीतयुद्धानंतर लष्कर आटले. इजिप्तचे उद्योजक समीह साविरिस यांनी २००९ पासून येथे मोठे पर्यटन-संकुल उभारण्यास घेतले. परदेशीयांना स्थावर घेण्यास असलेल्या निर्बंधातून त्यास सूट मिळाली. चेडी हॉटेल डिसेंबर २०१३ मध्ये, संगीतसभागृह २०१९ मध्ये सुरू झाले. गावाला याचा लाभ किती झाला, याविषयी मतभेद आहेत.

गॉटहार्ड, फुर्का व ओबरआल्प हे तिन्ही घाटरस्ते हिवाळ्यात बंद असतात आणि साधारणतः मे किंवा जूनमध्ये खुले होतात. रस्ते बंद असताना फुर्का ओलांडण्यासाठी मोटारी रिआल्प येथे आगगाडीवर चढवून बोगद्यातून नेतात.